डाव्या कुशीवरची गाठ

कुसाबाईला मी पहिल्याच दिवशी रडवलं होतं. कारण काय, तर तिनं पेशंटची लघवीची पिशवी रिकामी केली आणि किती होती ते मोजलंच नाही. आयसीयूत लघवी म्हणजे सोनं. तासाला किती आली यावर आम्ही पुढचं सगळं ठरवतो, आणि ही बाई ती सरळ ओतून, भांडं घासून, उपडं घालून मोकळी. मी बोलले. मी बोलले म्हणजे काय, अख्ख्या मजल्यानं ऐकलं. माझा स्वभाव तापट आहे, खोटं कशाला सांगू. सुवर्णा सिस्टर मनानं चांगल्या पण तोंड फार, असं माझ्या माघारी म्हणतात आणि त्यात काही चूक नाही.

ती मोरीत जाऊन रडली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली की मला आकडे वाचता येत नाहीत, पण एकदा दाखवा. मी मापाच्या भांड्यावरच्या रेघा दाखवल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली, तिचं एक माप चुकलेलं नाही. तिसऱ्या रेघेच्या वर बोटभर, असं ती सांगते आणि मी आकडा लिहिते. बाकीच्या मावश्या दीडशे असेल म्हणून हात झटकतात, पण हिचं बोटभर म्हणजे बोटभरच असतं.

कुसाबाई सावळघाटाच्या पलीकडची, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. माहेरी भात आणि नागली, म्हणजे नाचणी. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या बागांत छाटणीला म्हणून नाशिककडे यायची, पावसाळा आला की परत घरी. नवरा काविळीनं गेला आणि ती तीन मुलं घेऊन इथंच राहिली. आमच्याकडे ठेकेदाराच्या मार्फत आया म्हणून लागली. हॉस्पिटल गंगापूर रोडला आहे एवढंच मी सांगते, नाव घेत नाही. पुढचं ऐकलं की का ते कळेल.

तिच्या एकेक तऱ्हा होत्या. पेशंटला पुसायचं पाणी ती कोपरानं तपासणार, हातानं नाही. म्हणायची, कामानं हात मेले, कोपर अजून जिवंत आहे. बेशुद्ध पेशंटशी तासन्‌तास बोलणार. आज डब्याला काय आणलं, बाहेर ऊन किती आहे, धाकट्याला आयटीआयत कुठला ट्रेड मिळाला, सगळं त्यांना सांगायची. व्हेंटिलेटरवरचा माणूस तिला काय उत्तर देणार? पण तिचं म्हणणं, ऐकू कुणाला येतं कुणाला नाही, तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे. तेव्हापासून आमचे डॉक्टर मयूर सरही सुई टोचायच्या आधी पेशंटला सांगायला लागले.

एक खोड मात्र वाईट. दाराशी कुणी नातेवाईक रडताना दिसला की ती त्याला गुपचूप आत घ्यायची. आयसीयूचा नियम असा की संध्याकाळी पाच वाजता, पाच मिनिटं, एका पेशंटला एकच माणूस. नियम मी केलेला नाही, पण पाळायला मी आहे. बाहेरच्या हातापायांबरोबर जंतू येतात आणि उघड्या जखमा घेऊन पडलेली माणसं त्यानं दगावतात. दोनदा मी तिला पकडलं. दुसऱ्यांदा सगळ्यांच्या देखत सांगितलं की पुन्हा कुणाला आत घेतलंस तर ठेकेदाराला फोन करून त्याच दिवशी घरी पाठवीन. एरवी मी तिला अहो-जाहो करते. चिडले की ‘तू’वर येते. आणि मी हे नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते, खरंच पाठवलं असतं.

मग सरिता आली.

सरिता पेठकडचीच, तेवीस-चोवीस वर्षांची, दोन महिन्यांची बाळंतीण. नवरा धनराज दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत छाटणीला आलेला. त्याला लेक दाखवायची म्हणून सरिता आणि तिची आई भागीबाई तान्ही घेऊन पिकअपमधून निघाल्या. वळणावर पिकअप कलंडली. तान्ही आजीच्या मांडीत होती, तिला ओरखडाही नाही. भागीबाईचा खांदा खरचटला. सरिता गाडीखाली सापडली. तिच्या कमरेचं हाड दोन जागी मोडलं आणि छातीलाही मार बसला.

आता थोडं समजावून सांगते. कमरेचं हाड कड्यासारखं गोल असतं. ते मोडलं की कडं उघडतं आणि आत रक्त साचत जातं, बाहेर थेंब दिसत नाही. म्हणून पहिलं काम, ते कडं बाहेरून आवळून मिटवायचं. त्यासाठी तयार पट्टे मिळतात, पण आमचे दोन्ही त्या दिवशी दुसऱ्या पेशंटना लागलेले होते. मग आम्ही बेडशीटची घडी केली आणि ती बांधली. तिची जागा ठरलेली आहे. पोटावर नाही, कमरेवरही नाही. खाली, मांडीचं हाड जिथं बसतं त्या खुब्यांवरून. चार बोटं वर सरकली तरी फायदा राहत नाही, उलट अपाय होतो.

दुसरी काळजी पोटाची. एवढा रक्तस्राव झालेल्या माणसाला आपण रक्त देतो, सलाइन देतो, त्यातलं बरंच पाणी आतड्यांत उतरतं आणि पोट आतून सुजतं. पोटातला दाब वाढला की मूत्रपिंडं चेपतात, लघवी आटते, छातीवर भार येऊन श्वास कोंडतो. हा दाब लघवीच्या नळीतून मोजता येतो. मूत्राशयात थोडं सलाइन सोडायचं आणि दाबाचा आकडा वाचायचा. बारापर्यंत ठीक. वीसच्या वर गेला आणि लघवीही थांबली की मग हालचाल करावी लागते, शेवटी पोट उघडून मोकळं सोडायचीही वेळ येते. पण कमरेच्या हाडाचा पेशंट असेल तर त्यातही मेख आहे. आत साचलेलं रक्तच रक्ताला दाबून धरत असतं. पोट उघडलं की तो दाब जातो आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुटतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरिताचा आकडा होता तेरा. लघवी बरी होती. मोठे सर, म्हणजे आमचे सर्जन, म्हणाले की अशीच राहिली तर परवा हाडाला बाहेरून सळ्या बसवू. मी जरा निर्धास्त झाले.

बाहेर भागीबाई दोन दिवस व्हरांड्यात बसून होती. पाच वाजता आत जायचा मान धनराजचा, नवराच तो. तो जाऊन यायचा, डोळे पुसायचा, सासूला काही नीट सांगायचा नाही. म्हणजे जिनं लेकीला जन्म दिला, दोन महिन्यांपूर्वी त्याच लेकीचं बाळंतपण स्वतःच्या हातानं केलं, तिनं दोन दिवस लेकीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. भागीबाई सुईण. त्या पाड्यावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की व्हरांड्यात एक म्हातारी तान्ह्या पोरीला पेल्यातून दूध पाजत बसते आणि ती पोर फार रडते.

दुपारी साडेबाराला मी खाली मीटिंगला गेले. कुसाबाईनं दार उघडलं. भागीबाईनं तिच्याकडे फक्त एवढंच मागितलं होतं की मला तिच्या अंगाला एकदा हात लावू दे. एका मुलखातल्या दोघी, भाषा एक. कुसाबाईनं तिचे हात साबणानं धुवून घेतले, टोपी घातली, पलंगाशी नेलं आणि स्वतः दारात पहाऱ्याला उभी राहिली, मी येते की काय म्हणून. पाच-सात मिनिटांनी भागीबाई आपणहून बाहेर आली. ड्युटीवरच्या सिस्टर दुसऱ्या पेशंटच्या पलंगाशी होत्या, कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

दोन वाजता मी राउंड घेतला. दर दोन तासांनी बेडशीटची बांधणी बघायची आणि कागदावर खूण करायची, हा माझाच नियम. मी पांघरुणावरून फुगवटा पाहिला, बांधलेलं आहे असं दिसलं, आणि खूण केली. पांघरूण उचललं नाही. हे लक्षात ठेवा, मी पुढे यावर येणार आहे.

अडीचपासून व्हेंटिलेटर ओरडायला लागला. श्वास आत ढकलायला जास्त जोर लागत होता. तीनच्या तासाला कुसाबाईनं माप सांगितलं, पहिल्या रेघेलासुद्धा टेकत नाही. मयूर सरांनी बेंबीच्या वर पोट चाचपलं, टणक लागलं. दाब घेतला, चोवीस. नळी तपासून पुन्हा घेतला, पंचवीस. सगळ्यांच्या मनात एकच आलं, आत पुन्हा रक्त सुटलं. मोठे सर ऑपरेशनमधून हात धुऊनच वर आले, आकडे बघितले आणि म्हणाले, वाट बघण्यात अर्थ नाही, सव्वाचारला टेबलवर घेऊ. धनराजची सही घेतली. त्याला मी सांगितलं की पोट उघडलं तर वाचेल याची खात्री नाही आणि नाही उघडलं तर वाचणारच नाही. पोरगा सही करूनही पेन हातात धरून उभाच राहिला.

ऑपरेशनला न्यायच्या आधी पेशंटची तयारी आया करते. मणी, बांगड्या काढायच्या, अंग पुसायचं, गाऊन बदलायचा. कुसाबाई ते करायला गेली. जरा वेळानं बघते तर ती पलंगाशी नाही, मोरीतून भांडी घासल्याचा आवाज येतोय. मी तिथूनच ओरडले, की इथं एक एक मिनिट मोलाचं आहे आणि तुला आत्ता भांडी सुचतात? आवाज थांबला. ती ओल्या हातानं बाहेर आली, सरळ माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

“सिस्टर, मला काढून टाका. पण आधी तिच्या पोटावरची गाठ सोडा. ती आपली गाठ नाय.”

कसली गाठ, मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्या पोरी समोर, मधोमध गाठ मारतात. ही डाव्या कुशीवर हाय, टोकं आत खोचलेली. अशी गाठ आमच्याकडं सुईण मारते, बाळंतिणीच्या पोटाला. माझ्या पोटावर तीनदा मारलेली हाय. आणि मग एका दमात सांगितलं की दुपारी मी हिच्या आईला आत घेतलं होतं.

मी धावले. पांघरूण फेकलं. बेडशीट खुब्यांवर नव्हतीच. वर सरकून बेंबीखाली बसली होती आणि अशी आवळलेली की माझं एक बोट आत जाईना. इतके सगळे शहाणे भोवती उभे होतो. मयूर सरांनी वरचं पोट दाबलं, मी नळी तपासली, मोठ्या सरांनी आकडे पाहिले. बांधलंय ना, एवढंच प्रत्येकानं पाहिलं, कुठं बांधलंय ते कुणीच नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

ती नुसती सोडूनही चालणार नव्हती. मयूर सरांनी दोन्ही खुबे दोन्ही बाजूंनी हातांनी दाबून धरले, मी गाठ सोडली, आणि कुसाबाईनं आणि मी ती घडी इंच इंच खाली ओढून जागेवर आणून बांधली. आमच्या पद्धतीनं, मधोमध. मोठ्या सरांना फोन केला. मी शिव्या खायच्या तयारीनंच बोलले, पण त्यांनी रक्तदाब विचारला आणि म्हणाले, टिकून आहे तर अर्धा तास देतो, टेबल तयार ठेवतो. पोट रिकामं करायला नाकातून नळी घातली, गुंगीचं औषध वाढवलं म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतील. मग नुसतं बघत बसायचं.

तो अर्धा तास मला अजून आठवतो. कुसाबाई पलंगाच्या बाजूला उकिडवी बसली होती, लघवीच्या नळीकडे डोळे लावून. आणि सरिताशी बोलत होती. तुझी पोर दूध प्याली गं, तुझ्या आईनं पाजलं, पोर तुझ्यावर गेली, रडून व्हरांडा डोक्यावर घेते. मी दर पाच मिनिटांनी मॉनिटर बघायची. व्हेंटिलेटरचा आरडाओरडा आधी कमी झाला. मग कुसाबाईनं माझ्या ऍप्रनचं टोक ओढलं. नळीत पिवळा थेंब उतरत होता. पाठोपाठ दुसरा.

दाब घेतला, एकोणीस. पाऊण तासानं सतरा. मोठे सर स्वतः वर आले, पोटावर हात ठेवला, फाइलवरचं ऑपरेशन खोडलं आणि खाली गेले. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या सकाळी आकडा चौदा होता. नुसत्या गाठीनं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पोट आधीच सुजत होतं, ती सूज आपली आपण आणखी वाढलीच असती. पण काठावर उभ्या माणसाला ढकलायला एक बोट पुरतं, आणि ते बोट वेळेवर निघालं.

त्या संध्याकाळी ड्युटी संपताना कुसाबाईनं गळ्यातलं कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मी विचारलं की गाठ दिसल्यावर लगेच का नाही सांगितलं, मोरीत कशाला गेलीस. ती म्हणाली, भांडी घासत होते, घासलेलीच. दहा मिनिटं. भीती वाटली.

“कुणाची? ठेकेदाराची?”

“नाय सिस्टर. तुमची.”

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी उलट काही बोलले असते. तिनं भाकरी करपली असं सांगावं तितक्या साधेपणानं सांगितलं. वीस वर्षं मी समजत होते की माझ्या आवाजामुळे या मजल्यावर चुका होत नाहीत. होत होत्याच, फक्त माझ्यापर्यंत येत नव्हत्या. आणि आज त्या आवाजाला भिऊन एका बाळंतिणीची दहा मिनिटं मोरीत गेली होती. मला फार लाज वाटली. मी ते कार्ड उचललं आणि तिच्या हातात दिलं, म्हटलं, हे घाला, आणि थांबा, मला लिहायचंय.

झालेला प्रकार लिहून द्यावा लागतो. मी सगळं लिहिलं. कुसाबाईनं नियम मोडून नातेवाईक आत घेतला, हे लिहिलं. दोन वाजता मी पांघरूण न उचलता खूण केली, हेही लिहिलं, खाली सही केली. वरच्या ऑफिसातून आधी आलं की आयाला काढा. मी गेले आणि म्हटलं, तिनं दार उघडलं हे खरं, पण दोन वाजता ती गाठ मी बघितली असती तर तीनला आकडा चोवीस झालाच नसता. चोर सोडून संन्याशाला फाशी देणार असाल तर माझंही नाव त्याच कागदावर घाला. त्या दिवशी मी अजिबात आवाज चढवला नाही, त्यामुळेच बहुधा ते घाबरले. शेवटी दोघींना लेखी समज मिळाली. माझी मी घरी नेली नाही, ड्युटीच्या खोलीत खिळ्याला अडकवली. अजून तिथंच आहे.

भागीबाईचं राहिलं. मी तिला फाडून खायच्या बेतानं व्हरांड्यात गेले होते. ती तान्हीला थोपटत बसलेली. मला बघून उठली, हात जोडले आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाली, “बाय, तुमच्या पोरींनी बांधलेलं खाली घसरलं व्हतं. मी नीट वर घेऊन बांधलं. आता तिला बरं वाटंल.”

सव्वा महिना रोज जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन तिनं याच लेकीचं पोट बांधलेलं होतं. इथं येऊन बघते तर पट्टी कुठंतरी खाली मांड्यांवर. शहरातल्या या पोरींना बांधता येत नाही असंच तिला वाटणार. तिच्या हातातलं सगळं ज्ञान आणि सगळी माया तिनं त्या गाठीत घातली होती. मी नुसतं म्हटलं, आता बरी आहे, आणि आत आले. मनात ठरवलं की या बाईला काही सांगायचं नाही, कशाला तिच्या जिवाला घोर.

कुसाबाईला ते पटलं नाही. तिनं माझ्याशी वाद घातला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. “सांगा तिला. पाड्यावर उद्या कुणी झाडावरून पडलं तर पहिली हिलाच बोलावतील. ती असंच बांधील.”

म्हणून आम्ही दोघींनी तिला सांगितलं. मी सांगत होते आणि कुसाबाई त्यांच्या बोलीत घालत होती. भागीबाईचा चेहरा उतरत गेला. तिनं आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. रडली नाही. तान्हीला धनराजच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, दाखव. मी तिला हात धुवायला लावून आत नेलं, दिवसाढवळ्या, माझ्या परवानगीनं. तिचा हात धरून सरिताच्या खुब्यावर ठेवला, जिथं हाड लागतं तिथं. तिनं दुसरा हात आपणहून पलीकडच्या खुब्यावर ठेवला. त्या बोटांना काही शिकवावं लागत नव्हतं, जागा तेवढी सांगायची होती. म्हणाली, म्हंजे हाड बांधायचं, पोट मोकळं सोडायचं. मी म्हटलं, हो, एवढंच. मग तिनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि मी घड्याळाकडे बघितलं नाही.

पाचव्या दिवशी सरिताच्या हाडाला सळ्या बसल्या. आठव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. घसा बसलेला, पहिला शब्द काय बोलली तर “दूध”. तिला लेकीचं म्हणायचं होतं. पाचव्या आठवड्यात घरी गेली. त्या महिन्यात आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. बेडशीट बांधली की मार्करनं खुब्यावर दोन रेघा ओढतो आणि घरच्या एका माणसाला आत बोलावून दाखवतो, की ही जागा, हिला हात लावायचा नाही. दाखवायचं काम कुसाबाईचं. आणि दर दोन तासांनी मी खूण करायला गेले की ती कुठूनही येऊन विचारते, पांघरूण उचललं का. नव्या सिस्टरना तिचा हा आगाऊपणा खटकतो. मी त्यांना खिळ्यावरचा कागद वाचायला सांगते. माझा स्वभाव गेला असं समजू नका. अजून तोंड सुटतंच. पण आता कुणी काही कबूल करायला आलं की मी आधी खुर्चीत बसते. बसून ओरडता येत नाही नीट.

सळ्या काढायला सरिता परत आली तेव्हा वॉकर घेऊन, पण स्वतःच्या पायावर चालत आली. तान्ही आता चार महिन्यांची, बाळसेदार, कुसाबाईच्या कडेवर जाऊन तिचं कार्ड तोंडात घालणारी. सळ्या निघाल्या, एक्स-रे चांगला आला, मयूर सर म्हणाले की हळूहळू वॉकर सोडायचा. चार वाजता जीप यायची होती. भागीबाईनं पिशवीतून जुन्या लुगड्याची पट्टी काढली, स्वच्छ धुतलेली, आणि हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली.

“बाय, रस्ता खराब हाय. पोट बांधू का आता?”

मी मयूर सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, आता हरकत नाही, जखमांना लागू देऊ नका आणि सैल बांधा. सरिता वॉकर धरून उभी राहिली. कुसाबाईनं तान्हीला माझ्याकडे दिलं आणि पट्टीचं एक टोक धरलं. भागीबाईनं तीन वेढे घेतले आणि डाव्या कुशीवर गाठ मारली, टोकं आत खोचली. मग बाजूला झाली आणि माझ्याकडे बघत थांबली.

एका हातात पोर धरून मी दुसऱ्या हाताची दोन बोटं पट्टीत घातली. सहज गेली. मी मान हलवली, तरी भागीबाई जागची हलेना. मग कुसाबाईनं पुढे होऊन आपलीही दोन बोटं घातली आणि तिला म्हणाली, जा आता, जीप थांबलीय.